सोडलीय त्यानं

चेतन दारू पीत नाही. आयुष्यात एकदा बिअरचा घोट घेतला, कडूजहर लागला, बेसिनमध्ये थुंकून टाकला. विषय संपला. पण हे फक्त चेतनला माहीत. विश्रांतवाडीतल्या त्याच्या सगळ्या मित्रांत त्याचं नाव टँकर.

याला कारण गच्ची. पोरं ज्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायची तिचे मालक बापूराव खालीच राहायचे आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं, "गच्चीत बाटली दिसली की सामान रस्त्यावर. वाद नको." म्हणून पोरांनी शक्कल काढली. रूममध्येच ओतून घ्यायची, स्टीलच्या ग्लासात, आणि ग्लास घेऊन वर जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं ताक पितायत. त्यामुळे कोणाच्या ग्लासात काय आहे, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

चेतन मेहकरकडून नवीन आला तेव्हा पहिल्याच शनिवारी सरळ म्हणाला होता, "मी घेत नाही." त्यावर त्याची अशी खेचली की बस. कोणी म्हणालं, "बाळाला दूध द्या रे." कोणी म्हणालं, "आईला फोन लाव, परवानगी काढू." पुढच्या शनिवारी त्यानं गुपचूप ग्लासात थम्स अप ओतलं आणि वर जाऊन बसला. कोणी काही विचारलं नाही. बरं वाटलं त्याला. पुण्यात पहिल्यांदा कुणीतरी सरकून जागा दिली होती.

त्यात चेतनचा स्वभावच मोठ्या आवाजाचा. थम्स अपवर नाचायचा, बापूरावांची नक्कल करायचा, आणि बाकीचे आडवे झाले तरी हा ताठ. सगळ्यांना धरून धरून खाली न्यायचा. त्याचा रूम पार्टनर सुदर्शन, लोणी काळभोरचा, एकदा जिन्यात त्याच्या खांद्यावर लोंबकळत म्हणाला, "आरं ह्याला चढतच नाय! माणूस हाय का टँकर हाय?" झालं. नाव पडलं ते पडलंच. कॉल सेंटरच्या रात्रपाळीनं चेतनचे डोळे कायम लाल, तेही यांच्या हिशोबात जमा.

मधे एकदा त्यानं खरं सांगून बघितलं. "अरे माझ्या ग्लासात थम्स अप असतं यार." पोरं पोट धरून हसली. तो सगळ्यात भारी विनोद ठरला.

मग मैत्री नावाच्या मुलीचं स्थळ आलं.

मावशीनं आणलं होतं. मैत्री विश्रांतवाडीतच एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. भेटायचं म्हणून भेटले आणि मग भेटतच राहिले. मंडईत तिच्याबरोबर शेवग्याच्या शेंगा निवडताना चेतनला पहिल्यांदा वाटलं, की इथं आपलं घर होऊ शकतं. ती त्याच्या हातातली जाड शेंग काढून घ्यायची, "ही निबर आहे हो, कळत नाही का तुम्हाला?" आणि तो मुद्दाम परत निबर शेंग उचलायचा.

तिच्या आईनं, हिराबाईंनी, एकच अट घातली होती. "पगार विचारत नाही, फ्लॅट विचारत नाही. मैत्रीचे पप्पा दारूनं गेले. तेवढं एक बघणार."

बघायचं काम तिच्या मामाकडं. कचरूमामा अकोल्याहून त्यासाठी मुद्दाम आले. मुलाची चौकशी नातेवाइकांकडं करायची नाही, ते गोडच बोलणार. मित्रांकडं करायची, आणि तीही ओळख न देता. ही त्यांची पद्धत. ते बिल्डिंगखालच्या टपरीवर चहा घेत बसले आणि रूम बघायला आल्यासारखं सुदर्शनशी बोलायला लागले. बोलता बोलता चेतनवर आले.

सुदर्शननं ओळखलं, हा मुलीकडचा माणूस. आणि त्यानं ठरवलं, आज दोस्ती निभवायची. नुसतं कौतुक केलं तर म्हाताऱ्याला खोटं वाटंल, म्हणून थोडं खरंही घालावं असा विचार करून तो म्हणाला, "सोन्यासारखा माणूस हाय, मामा. पहिलं घ्यायचा, तुमच्याशी खोटं नाय बोलणार. पण लग्नाचं बघायला लागल्यापासनं सोडलीय त्यानं. हात लावत नाय."

संध्याकाळी हे त्यानं चेतनला मोठ्या ऐटीत सांगितलं. "कसा सांभाळला सीन? पार्टी पायजे भावा."

चेतन खाली बसला. मैत्रीनं त्याला सांगितलं होतं, की लहानपणी घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे 'सोडली'.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. नको म्हणाले.

रविवारी दुपारी चेतन सुदर्शनला ओढतच मैत्रीच्या घरी घेऊन गेला. "तू बोललास, तूच जाऊन खरं सांगायचं."

"काय सांगू पण?"

"हेच, की मी कधीच घेतली नाही."

सुदर्शननं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतो तसं."

दार हिराबाईंनी उघडलं. पाणी दिलं. या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. कचरूमामा कॉटवर बसले होते. मैत्री आतल्या दारात उभी.

सुदर्शन घसा साफ करून म्हणाला, "मामा, त्या दिवशी माझी चूक झाली. चेतननं कधीच घेतली नाय. एक थेंब नाय."

"असं?" मामा म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही म्हणाले पहिले घ्यायचा."

"ते मी... असंच म्हणालो."

"असंच? कोणाची पोरगी द्यायची आहे, अन् तुम्ही असंच बोलता? मग आता बोलून राहिले ते कसं समजायचं?"

सुदर्शननं 'तूच सांग' म्हणून चेतनला कोपरानं ढोसलं.

चेतननं गच्चीपासून सगळं सांगितलं. स्टीलचे ग्लास, थम्स अप, टँकर. सांगताना त्यालाच ऐकू येत होतं की हे किती रचलेलं वाटतंय. शेवटी कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीकडं हात करून तो म्हणाला, "यांच्यासमोर सांगतो आई, मी कधीच प्यायलो नाही."

हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "यांच्यासमोर पंचशील आमच्याकडं रोज व्हायचं. हात जोडून. मैत्रीचे पप्पा पण म्हणायचे, मद्यापासून लांब राहीन म्हणून. त्यांच्या आवाजात तर माझ्यापेक्षा जास्त भक्ती होती." त्यांनी रिकामे ग्लास उचलले. "तुम्ही वाईट नाही हो. पण माझ्यात आता ताकद नाही."

दोघं खाली आले. जिन्यात सुदर्शन म्हणाला, "नीट बोललो ना मी? तोंड जरा पडलं, पण एवढं खोटं एकदम बोलायचं म्हणजे..."

चेतन थांबला. "खोटं?"

"आरं आता आपल्यात कशाला? मी तुला बघत नाय का दर शनिवारी?"

इतकी वर्षं एका खोलीत. एका गादीवर झोपलेत, एकाच ताटात जेवलेत. सुदर्शन गाडी काढायला पुढं गेला.

मागून चपला वाजल्या. मैत्री खाली आली होती. मीटरच्या पेट्यांपाशी उभी राहिली, डोळे लाल.

"आई नाही म्हणतेय," ती म्हणाली. "पण मी भांडेन तिच्याशी. खरंच भांडेन. फक्त मला एक सांगा. किती घ्यायचात?"

"मैत्री, मी नाही घेत."

"असं नका ना बोलू. पप्पांच्या तोंडाला वास यायचा तरी ते म्हणायचे, मी घेतच नाही. मला दारूची भीती नाही हो वाटत आता. त्या वाक्याची वाटते."

"अगं पण खरंच..."

तिचा चेहरा मिटत चालला. चेतनला दिसत होतं. अजून एकदा 'नाही' म्हटलं की ही वळून वर जाणार. कायमची. खरं तर सांगून झालं होतं, मित्रांना, मामाला, आईला, आणि खऱ्याला कुठंच गिऱ्हाईक नव्हतं.

"घ्यायचो," तो म्हणाला. "शनिवारी. थोडी."

मैत्रीनं श्वास सोडला. डोळे पुसले. एक क्षण, अगदी एकच, तिचा चेहरा मोकळा झाला आणि चेतनला वाटलं, जमलं.

मग ती हळूच म्हणाली, "मग आत्ता वर, मूर्तीकडं हात करून काय बोललात?"

चेतनजवळ खरं-खोटं जे होतं ते सगळं देऊन झालं होतं.

ती जिना चढून गेली. सावकाश, कठड्याला धरून. वर दार लागल्याचा आवाज आला.

सुदर्शन गाडी चालू ठेवून गेटपाशी थांबला होता. चेतन मागं बसला.

"काय म्हणली?"

"किती घेतो विचारत होती."

"मग?"

"सांगितलं घ्यायचो म्हणून."

सुदर्शननं मागं हात करून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "बरं केलंस भावा," तो मनापासून म्हणाला. "खरं बोललेलं कधीपण बरं."