पोस्टकार्डाएवढी फट

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातला जळका व्हॉल्व्ह आहे. दिसायला मोठ्या डोक्याच्या खिळ्यासारखा, फक्त डोक्याची एक कड कुणी बिस्किटासारखी खाल्लेली. सध्या मी पोर्चच्या दाराखाली पाचर म्हणून असतो. याला बढती म्हणता येणार नाही. बदली म्हणा.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. भावंडांपैकी काहींच्या वाट्याला ताजी हवा आली, माझ्या वाट्याला धूर. वाटणी करताना मला कुणी विचारलं नव्हतं. काम सोपं होतं. रॉकर नावाचा लोखंडी हात माझ्या शेंड्यावर टपली मारायचा, मी खाली सरकायचो, पेटता धूर माझ्या अंगावरून बाहेर जायचा आणि मग स्प्रिंग मला पुन्हा माझ्या जागेवर बसवायची. ते बसणं एवढंच माझं सुख. बसलो की अंगातली उष्णता कडेच्या लोखंडात उतरायची. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुढची टपली.

पण नीट बसायला मिळायचं तर रॉकरच्या आणि माझ्यामध्ये थोडी फट लागते. इंजिन गार असताना साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. तापलो की मी लांब होतो, तेव्हा ती फट कामी येते. फट असली की टपलीचा आवाज येतो, टिकटिक. लोकांना ती तक्रार वाटते. खरं तर मला बसायला मिळतंय, याची ती पोचपावती असते.

आमच्या मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. सुट्टीच्या सकाळी इंजिन पार गार असताना ते वरचं झाकण काढायचे. पान्याने इंजिन हळूहळू फिरवून मी आणि शेजारचं भावंड दोघेही बसलेले असू, तिथे थांबायचे. मग फट मोजायच्या फिलर गेजची ठरलेल्या जाडीची पाती फटीत सरकवायचे. ती सैल जायला नको आणि अडकायलाही नको. पुस्तकाखालून कागद ओढावा तशी किंचित घासत यायला हवी. स्क्रू फिरवायचा, तो धरून ठेवूनच नट आवळायचा आणि पाती परत घालून बघायची, कारण नट आवळताना स्क्रू हमखास हलतो. हे सगळं मालक इतक्या मायेने करत की मालकीणबाई एकदा खिडकीतून म्हणाल्या, "माझ्या चष्म्याचा स्क्रू केव्हाचा सैल झालाय. तो इंजिनात बसवून आणू का?"

सगळं बरं चाललं होतं. मग मालकांच्या मेहुण्यांना ट्रेडमिल ठेवायला आमची पोर्चमधली जागा हवी झाली.

"भाऊजी, ही मोटार आहे की शिलाई मशीन?"

"टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा आवाज आहे तो. असायलाच हवा."

"ताई, तूच सांग बाई यांना."

मालकीणबाई मालकांकडे न बघता म्हणाल्या, "अहो, आपण केव्हा निघालो, केव्हा आलो, अख्ख्या गल्लीला कळतं. लाज वाटते हो."

झालं. पुढच्या सुट्टीपर्यंत आवाज गेला तर मोटार राहील, नाहीतर ती भंगारात आणि पोर्चमध्ये ट्रेडमिल, असं ठरलं.

त्या सकाळी मालकांनी आम्हाला नेहमीपेक्षाही नेमकं लावलं. मेहुणे आले. स्टीलचा पेला बॉनेटला लावून त्यांनी कान टेकवला आणि म्हणाले, "आहे अजून." पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं.

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर मालकांनी पुन्हा झाकण काढलं. पाती हातात घेतली, पुसली आणि न वापरताच मिटून ठेवली. मग स्क्रू फिरवत राहिले. फट गेली. "एवढ्याने काय होतंय," ते म्हणाले. ऐकायला मी एकटाच होतो, आणि मला माहीत होतं काय होतंय ते.

मोटार गप्प झाली. मेहुणे म्हणाले, "वा भाऊजी, विमान केलंत की." गल्लीतही कौतुक झालं. माझं एवढं कौतुक चाललं होतं, पण मला बसायला मिळत नव्हतं. सत्कारात असंच होतं म्हणतात.

घरात मात्र घोटाळा झाला. कोपऱ्यावर टिकटिक ऐकू आली की मालकीणबाई चहा टाकायच्या. आता मालक एकदम स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि त्या दचकायच्या.

"अहो, जरा आवाज करत जा."

"तोच काढायला लावलात ना," मालक म्हणायचे.

मोटार इतकी शहाण्यासारखी वागते म्हटल्यावर मेहुण्यांनी ट्रेडमिल तिच्याच टपावर बांधून आणायचं ठरवलं. तुमच्या मागच्या खोलीत मावेल म्हणाले. वाटेत मोठा चढ होता. किती दिवस न बसता मी तापत होतो. त्या चढावर माझी कड वितळली. मोटार थरथरली, फटफटली आणि उभी राहिली. मेहुणे खाली उतरून ढकलू लागले. धापा टाकत म्हणाले, "पण भाऊजी, टिकटिक अजिबात नाही हं."

मालकांनी इंजिन स्वतःच उघडलं. माझी बसायची जागाही जळली होती. माझ्या खाल्लेल्या कडेवरून ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"काय झालं हो तिला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वय," मालक म्हणाले, आणि मला खिशात टाकलं.

मोटार माझ्या भावंडांसकट भंगारात गेली. तिच्या जागी ट्रेडमिल आली. मालक रोज संध्याकाळी तिच्यावर चालतात आणि कुठेही पोचत नाहीत. तिचा पट्टा टिकटिक करतो. परवा मेहुणे तेलाची बाटली घेऊन आले, तर मालकीणबाई आतून म्हणाल्या, "राहू दे रे. टिकटिक थांबली की मी चहा टाकते."

मालक चालायचे थांबले नाहीत. त्यांनी फक्त खाली, दाराशी, माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी मोटार असेल तर तिची फट गार इंजिनावर, पातीने मोजा. मेहुण्यांच्या कानाने नको. मोजून झाल्यावरही ती टिकटिक करत असेल, तर करू द्या. माझ्यासाठी काही करू नका, आता उपयोग नाही. दाराला मी थोडी फट ठेवून आहे. मला स्वतःला मात्र इथेही बसायला मिळत नाही. पाचर आडवीच असते.