दुर्गाकाकूंनी निवडलेला माइक

मी एक माइक. बोलतोय मी, हेच मुळात नवल, कारण माझा सगळा जन्म ऐकण्यात गेला. बोलायचं काम भोंग्यांचं. ते मांडवाबाहेर बांबूंवर चढून बसतात, गाव डोक्यावर घेतात आणि शाबासकीही तेच खातात. आज जरा माझी पाळी.

माझा जन्म परदेशातला. पोटात लोहचुंबक आणि त्याच्या दोन टोकांमध्ये टांगलेली ॲल्युमिनियमची पट्टी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. आवाज आला की ती थरथरते. माझं ऐकणं ते एवढंच. मला समोरून ऐकू येतं तसंच पाठीमागूनही येतं. डाव्या-उजव्या बाजूला मात्र मी ठार बहिरा. हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं. पण पुस्तिका वाचायची म्हणजे संभाजीरावांना कमीपणा वाटे.

संभाजीराव माझे मालक. शिंदे सरकारच्या राजधानीत, लष्कर नावाच्या भागातल्या दौलतगंज पेठेत त्यांचं भोंगे भाड्याने द्यायचं दुकान होतं. आजोबांनी शिंदे सरकारच्या तोफखान्यात नोकरी केली आणि नातू भोंग्यांत रमला. "आवाज तोच, फक्त धूर नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. १९३७ साली मुंबईहून आलेली माझी पेटी त्यांनी उघडली आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या तोंडावर जोरात फुंकर मारली! माझी पट्टी अशी ताणली गेली की वाटलं, आलो तसा चाललो. माणसाची ही सवय मला कधीच कळली नाही. माइक दिसला की आधी फुंकायचं, मग टिचकी मारायची, मग खाकरायचं, आणि इतकं झाल्यावर "नमस्कार" म्हणायचं.

त्याच वर्षी गणपतीला आठवडा उरला असताना गोपाळकृष्णबुवा आणि दुर्गाकाकू दुकानात आले. बुवा कीर्तनकार. दौलतगंजच्या गणपतीत शेवटच्या दिवसाचं कीर्तन बत्तीस वर्षं त्यांचंच. आवाज भरदार, सांगणं रसाळ. पण आदल्या वर्षी दात गेले आणि आग्र्याहून कवळी आली. तेव्हापासून प्रत्येक 'स' आणि 'श'बरोबर एक बारीक शिट्टी निघायची. समोरासमोर बोलताना ती खपून जाई. माइकवर मात्र अनर्थ झाला. त्या वर्षीच्या गणपतीत बुवांनी "सज्जनहो" म्हटलं आणि भोंगे असे केकाटले की झाडावरचे पोपट उडाले. मांडव हसला. पुढे करुण प्रसंग आला तरी हसतच राहिला. घरी गेल्यावर बुवा जेवले नाहीत, हे मला काकूंच्या बोलण्यातून कळलं.

"महिपतरावांनी साफ सांगितलंय," बुवा संभाजीरावांना म्हणाले. महिपतराव म्हणजे उत्सवाचे अध्यक्ष. "म्हणाले, या साली कीर्तन तुमचंच, बुवा. पण लोक पुन्हा हसले तर पुढच्या सालापासून मी काही करू नाही शकणार."

"तुम्ही फिकर नका करू," संभाजीराव म्हणाले. "तीन माइक आहेत. तिन्हींवर बोलून बघा. जो पसंत येईल तो तुमचा."

"मी बोलेन, पण पसंत ही करील," बुवा म्हणाले. "माझी शिट्टी मला ऐकू येत नाही. हिला येते."

काकू रस्ता ओलांडून समोरच्या सराफाच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुकानाबाहेर टांगलेल्या भोंग्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि तिथूनच हुकूम सोडला, "काल पाठ करून घेतलंय ना, ते म्हणा!"

बुवांनी पहिला माइक धरला. हा आमच्यातला थोरला, कोळशाच्या दाण्यांचा, आदल्या वर्षीचा गुन्हेगार. बुवा म्हणाले, "सासूबाईंनी सकाळीच साखर सांडली, सुनेनं शिरा शिजवला." अख्ख्या गल्लीला वाटलं, आगगाडीचं इंजिनच गल्लीत शिरलं.

"पुढचा," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

दुसरा दिसायला देखणा, चकचकीत. त्याच्यातून शिट्टी थोडी कमी आली, पण आवाज असा टोचरा की बुवा बायकोवर रागावलेत असं वाटावं. काकूंनी नुसता हात हलवला.

मग माझी पाळी आली. बुवा तोंड अगदी जवळ आणणार, तोच काकू डोळे उघडून ओरडल्या, "हातभर लांब राहा!" बुवा मागे सरले आणि बोलले. सासूबाईंची साखर सांडली, शिरा शिजला. मी ते सगळं घेतलं, फक्त धार तेवढी सोडून दिली. त्यात माझी हुशारी नाही. माझ्या पट्टीचा स्वभावच तसा, मवाळ. मधेच माझ्या पाठीमागे रस्त्यावर टांग्याचा घोडा फुरफुरला, तोही भोंग्यातून ऐकू आला. "घोडा जवळ असेल," संभाजीराव म्हणाले.

काकू परत आल्या तेव्हा डोळ्यांना पदर लावत होत्या. "हाच," त्या म्हणाल्या. "यात तुमचा आवाज ऐकू येतो. दात ऐकू येत नाहीत."

मला तिथल्या तिथे त्या बाई आवडल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला मांडव भरला. अर्धे लोक कीर्तन ऐकायला आले होते, अर्धे शिट्टी ऐकायला. खोटं कशाला बोलू? महिपतराव पहिल्या रांगेत, मांडीवर काठी आडवी घेऊन. दुर्गाकाकू त्यांच्याही पुढे, चौथऱ्याला टेकून, थेट माझ्या पाठीशी. हारांचं तबक सांभाळायला म्हणून त्या बत्तीस वर्षं तिथेच बसत. ते तबक सांभाळायला इतक्या पुढे कशाला बसावं लागतं, हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं.

बुवा हातभर अंतरावर उभे राहिले. "सज्जनहो."

शिट्टी नाही. मागच्या रांगेतले शिट्टीवाले एकमेकांकडे बघू लागले. बुवांनी दुसरं वाक्य टाकलं, तिसरं टाकलं, आणि खांदे सैल झाले. मग काय विचारता! एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट त्यांनी स्वतः रचली होती. रोज लोकांना पार करणारा नावाडी, आणि एके दिवशी नावेत येऊन बसलेला देव. महिपतरावांची काठी मांडीवरून घसरली तरी त्यांना पत्ता नाही.

नावाडी आता देवाशी बोलणार होता. बुवांनी ओळ लावली,

"नाव तुझी, नदी तुझी, माझे नुसते दोन हात..."

आणि थांबले. पुन्हा तीच ओळ घेतली. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं.

ती खूण होती. बत्तीस वर्षांत बुवा विसरले की उपरणं सावरत आणि काकू तबकाकडे बघत हळूच पुढचा शब्द देत. जुन्या माइकला पाठीमागचं ऐकू येत नव्हतं, म्हणून हे गुपित टिकलं. मला येतं. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण माझं तोंड म्हणजे ते भोंगे, आणि त्यांच्यातून काय निघालं?

"थकले तर तू घे वल्हे, मी देईन तुला साथ."

बाईचा आवाज. मऊ, स्वच्छ, मांडवाबाहेर पडून थेट लांबच्या फूलबागेच्या दिशेने गेला. सगळा मांडव भोंग्यांकडे बघू लागला, मग चौथऱ्याकडे. काकूंच्या हातातलं तबक कलंडलं. बुवांचे कान लालबुंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी मला निवडलं, त्यांचंच बिंग मी फोडलं होतं.

बुवांनी हातातलं उपरणं सोडलं. मग ते हातभरचं अंतर मोडून माझ्याजवळ आले.

"सज्जनहो," ते म्हणाले, "माझे दात आग्र्याचे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. माझी आठवण दौलतगंजातली आहे, हे आज कळलं. ती ही इथे बसली आहे. बत्तीस वर्षं टाळ्या मी घेतल्या. चूक झाली."

इतका वेळ मी पट्टी सांभाळत होतो. आता लोक हसले तर? हसले कुणीच नाहीत. महिपतराव काठी शोधत उठले. मला वाटलं, झालं, कीर्तन बंद.

"काकू," ते म्हणाले, "मागे लोकांना आधीची ओळ सुनाई नाही दिली. पूर्ण पद म्हणा ना."

काकू पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "इश्श, मी कशाला!"

"अगं, म्हण," बुवा म्हणाले. "माइक तुझ्याच पसंतीचा आहे."

मग त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. एक ओळ त्यांची माझ्या पाठीकडून, एक बुवांची समोरून, आणि मध्ये मी. आयुष्यात इतकं भरून मला कधीच आलं नाही. पुढच्या वर्षीच्या आमंत्रणावर महिपतरावांनी दोघांची नावं घातली.

त्यानंतर नऊ गणपती मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहिलो. मग एका सभेत एका उत्साही गृहस्थांनी माझ्यात अशी फुंकर मारली की पट्टी तुटली. आता माझ्यातून एक अक्षर भोंग्यापर्यंत जात नाही; तुटलेलं टोक थरथरतं, तेवढं मला ऐकू येतं. संभाजीराव मला बुवांच्या घरी घेऊन आले आणि म्हणाले, "हा तुमचाच आहे, ठेवून घ्या." तेव्हापासून मी त्यांच्या कोनाड्यात आहे. काकू रोज मला पुसतात, पुढून आणि मागूनही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माइक दिसला तर फुंकू नका; सरळ आपलं नाव सांगून बोला, आम्हाला पोचतं.

बुवा आता थकलेत, कीर्तनं थांबली आहेत. पण संध्याकाळी ते कोनाड्यासमोर बसून नावाड्याचं पद म्हणतात. पहिली ओळ झाली की थांबतात आणि उपरणं सावरतात. स्वयंपाकघरातून काकू दुसरी ओळ देतात. दुसरी ओळ बुवांना चांगली पाठ आहे. दुपारी काकू शेजारी गेल्या की एकटेच ती गुणगुणत असतात, मी ऐकलंय.

मी काकूंना सांगणार नाही. एकदा बिंग फोडलं तेवढं पुरे.