हवेशीर शाल

"नमुना बघून कुणीही विणेल. मी माझ्या मनाने बदलते," असं दक्षाने स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं आणि मुख्याध्यापिका पागधरे बाईंच्या निरोपासाठी आणलेली विकतची शाल दुकानात परत पाठवली.

मे महिन्यात तलासरीत लोकर कोण अंगाला लावणार? म्हणून स्वतः शाल विणायला तिने जाड सुया घेतल्या आणि नमुन्यातल्या जाळीची भोकं दुप्पट केली.

"बाई, यातून चिकू जाईल की," सहशिक्षिका कविताबाई म्हणाल्या.

"जाऊ दे. हवा पण जाईल."

मग तिने शाल धुऊन दोरीवर टांगली. ओल्या लोकरीच्या वजनाने भोकं आणखी ताणली गेली. समारंभाच्या सकाळी तिने एका भोकात हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. आता दुसरी शालही नव्हती.

प्रमुख पाहुण्यांनी स्टेजवर शाल उचलली. पाहुण्यांचा अंगठा एका भोकात आणि घड्याळ दुसऱ्यात अडकलं.

"बोर्डीचा एखादा मच्छीमार बोलवायला हवा होता," कविताबाई दक्षाच्या कानात कुजबुजल्या. "एका झटक्यात टाकली असती."

कशीबशी शाल बाईंच्या खांद्यावर बसली.

"अगं, किती हवेशीर आहे!" पागधरे बाई खरंच खूश झाल्या. टाळ्या पडल्या. दक्षाने कविताबाईंकडे मान वळवून बघितलं.

तेवढ्यात पाहुण्यांनी नारळ पुढे केला. बाईंचा पदर शालीखाली गेला होता, म्हणून त्यांनी नारळ शालीतच घेतला.

नारळ फुटला नाही. पाहुण्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं.