दोनसाठीही असंच

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण शाळेतल्या फळ्यांना निदान सुट्टी तरी मिळते. सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात सावळीराम मिस्त्रींनी मला घडवलं, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि निसार सरांच्या स्वाधीन केलं. सर नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवत. त्यांचं खरं काम मात्र घरी, माझ्यावर चाले.

कसलं काम, असं तुम्ही विचाराल. एक चौकोनी फरशी उचला आणि फिरवून किंवा उलटी करून पुन्हा त्याच जागी बसवा. तशा आठच रीती आहेत. एकीमागून दुसरी केली तरी त्या आठांतलीच कुठलीतरी निघते. अशा कुटुंबाला गणितात सांत, म्हणजे मर्यादित, गट म्हणतात. सर या गटांच्या मागे हात धुवून लागले होते. एका जातीचे सगळे गट एकाच पद्धतीने बांधलेले असतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. अकरा वर्षं त्यांनी मला लिहून लिहून झिजवलं. त्यांच्या पत्नी, सुरय्याकाकू, दारात येऊन म्हणत, "हा फळा पोट भरणार आहे का तुमचं? चला, दोन घास खाऊन घ्या." तेव्हा मला उगाच भाव चढे.

दर रविवारी हर्षाली येई. ती दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, सरांकडे पीएचडी करत होती. ती यायची म्हणून सर सकाळीच मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ठेवत.

अखेर सिद्धता पूर्ण झाली. एका परदेशी नियतकालिकाने सरांचा निबंध स्वीकारला. कॉलेजात शाल-श्रीफळ झालं. त्या सिद्धतेत प्रत्येक मूळ संख्येसाठी मुद्दा तपासायचा होता. तीन, पाच, सात अशा सगळ्या विषम मूळ संख्यांसाठी सरांनी तो कसून तपासला होता. राहिली होती फक्त दोन. या विषयात दोनइतकी आडमुठी संख्या नाही, हे सर स्वतःच विद्यार्थ्यांना बजावत. पण तोवर ते थकले होते. माझ्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘दोनसाठीही असंच,’ आणि खडू खाली ठेवला. मी ते पाहिलं, पण फळ्याला बोलता कुठे येतं?

निबंध छापून यायचा होता. एका रविवारी हर्षाली हातात खडू घेऊन सरांकडे वळली.

"सर, ती शेवटची ओळ मला काय पटंना. चौसष्ट घटकांचा एक गट सापडलाय, चौसष्ट म्हंजे दोनचाच घात. तुम्ही म्हणता तसा तो बांधलेला नाय."

"लिही," सर म्हणाले.

तिने लिहिलं. सरांनी ओळ न् ओळ बोट ठेवून तपासली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं, बेटा. हे तू तुझ्या नावावर छाप."

त्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. कॉलेजात कुजबुज झाली, ती त्यांना लागली. पण पुढच्या रविवारी हर्षाली आली नाही, ते जास्त लागलं. त्यांनी फोन केला, तो तिने उचलला नाही.

तरी सर दर रविवारी मला पुसत आणि खुर्ची दाराकडे वळवून बसत.

"येईल हो. शरमली असेल पोरगी," काकू म्हणत.

"चूक माझी, आणि शरमतेय ती!" सर हसायचा प्रयत्न करत.

असे सात महिने गेले. आठव्यात सरांच्या हृदयाने दगा दिला आणि ते गेले.

चौथ्या दिवशी हर्षाली आली. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. "काकू, मी दुरुस्ती केली. एक अट घातली की सरांचं सगळं जमतं. ते पूर्ण झाल्याबिगर कोणत्या तोंडानं येऊ, असं वाटायचं मला."

काकूंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "त्यांनी दुरुस्ती मागितली होती का गं? ते तुझी वाट बघत होते."

हर्षाली माझ्यावर डोकं टेकून खूप रडली. मीही रडलो असतो, पण आम्हाला तीही सोय नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाची चूक दिसली तर जरूर दाखवा. पण पुढच्या रविवारीही त्याच्या घरी जा. रिकाम्या हातांनी गेलात तरी चालेल.