एका ताऱ्याची शिक्षा

मी एक जुनी गाण्यांची डबी आहे. माझं दुकानातलं नाव वेगळं होतं, पण शिवणखान्यात मला सगळ्या डबीच म्हणायच्या. आज माझ्या काचेला आडवा तडा गेला आहे आणि मी रिकाम्या रिळांच्या खणात पडून आहे. पण मित्रांनो, एकेकाळी माझ्याशिवाय तिथं सुईत दोरा जात नव्हता, हे आधी सांगून ठेवते.

मी कारखान्यात जन्मले. शंभर जणींच्या हातांतून गेले, त्यातल्या एकीनंही माझं तोंड नीट पाहिलं नाही. मग एका जावयानं मला विकत घेतलं आणि सासूबाईंना दिलं. सासूबाई म्हणजे शिवणखान्याच्या मालकीण, आक्का. नाकावर माशी बसू देतील तर शपथ. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढीशी? हिच्यात काय मावणार?" माझ्यात हजार गाणी मावत होती. पण मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

माझी खुबी अशी होती. गाणं चालू असताना माझं चाक फिरवलं की त्याला तारे देता यायचे, एकापासून पाचापर्यंत. चार-पाच ताऱ्यांची गाणी आपोआप एका यादीत जाऊन बसायची आणि रोज सकाळी तीच वाजायची. ज्याला एकच तारा, ते शनिवारी जावई मला कॉम्प्युटरला जोडायचे तेव्हा पुसलं जायचं, माझ्यातूनही आणि कॉम्प्युटरमधूनही. जावयांनी तसा नियमच घालून ठेवला होता. जागा अडवायची नाही म्हणे.

आक्कांना हा नियम फार आवडला. गाणं कसं आहे ते त्या बघायच्याच नाहीत, कुणाला आवडतं ते बघायच्या. इस्त्रीवाली एकदा बोलून गेली की हे गाणं लागलं की मला माझ्या लग्नाआधीचे दिवस आठवतात. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून एक बाही करपली. आक्का तिला शब्दानंही बोलल्या नाहीत. मला उचललं, चाक फिरवलं, एक तारा. शनिवारी ते गाणं गेलं. मग बायका शहाण्या झाल्या. आवडत्या गाण्याला नाकं मुरडू लागल्या आणि नावडत्याला माना डोलावू लागल्या. मी बिचारी खरं मानून मोजत बसायचे.

त्यांच्यात एक काजवाली होती. दिवसभर खाली मान घालून बटणांची काजं करायची. तिच्या मोबाइलमध्ये एक गाणं होतं. मोबाइल मरायला टेकला होता, म्हणून तिनं जावयांना हळूच सांगून ते माझ्यात घालून घेतलं. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. ना पेटी, ना तबला. मध्येच खोकला यायचा, आणि दुसरं कडवं संपलं की गाणं तुटायचं. पुढच्याच आठवड्यात तो मोबाइल बंद पडला. आता ते गाणं जगात फक्त माझ्याकडे आणि जावयांकडे होतं.

ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा सगळी मशिनं थांबली. आक्कांनी विचारलं, "हे कोण रेकतंय?"

काजवालीच्या हातात सुई होती. ती वर न बघता म्हणाली, "कोणी का असेना, आक्का. बंद करा. माझं डोकं उठतं."

आक्का हसल्या आणि पाच तारे दिले.

तेव्हापासून दीड वर्ष ते गाणं रोज सकाळी वाजलं. कॉलरवाली त्या खोकल्याची नक्कल करायची, आणि सगळ्या हसायच्या. सगळ्यांत छान नक्कल काजवाली करायची. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते पाणी हसण्याचं आहे, असं मीही समजत होते.

एकदा गाणं चालू असताना वीज गेली. मी बॅटरीवर चालूच होते, पण मला जोडलेला विजेवरचा भोंगा मुका झाला. काजवालीचं लक्ष कामात होतं. ती गुणगुणत राहिली. दुसरं कडवं संपलं, आणि तिनं तिसरं धरलं.

आक्का पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "हे तर डबीत नाही. तू कुठून आणलंस?"

तिनं सुई कापडात खुपसली.

"आवाज कुणाचा आहे?"

"वडिलांचा."

"आहेत?"

"नाहीत."

आक्कांनी मला तिच्या हातात दिलं. "डोकं उठतं ना तुझं? मग घे. तुझ्या हातानं दे तारा."

मला वाटलं, आक्का एवढ्यावर थांबतील. काजवालीनं चाक फिरवलं. तिचा अंगठा एवढा थंड होता की माझं चाक अडकलं. आक्का म्हणाल्या, "अजून खाली." तो बुधवार होता. गुरुवारी ती जावयांना भेटली. ते म्हणाले, सासूबाईंच्या डबीत मी हात घालत नाही. शनिवारी मी जोडली गेले आणि ते गाणं पुसलं गेलं. मीच पुसलं. मला नाही म्हणायची सोय नव्हती.

ती काम सोडून गेली नाही. सोमवारी आली, जागेवर बसली. आणखी सहा वर्षं बसली.

तेवढ्या काळात आक्कांचे डोळे गेले. जुन्या बायका एकेक करून निघून गेल्या आणि माझ्यावरचे तारे बघायला काजवालीच उरली. "तूच बघ गं डबीचं," आक्का म्हणाल्या. तिनं बघितलं. दर आठवड्याला आक्कांच्या आवडीच्या एका गाण्याला ती एक तारा द्यायची. एकच. घाई नाही. शनिवारी जावई मला जोडायचे. यादी आपोआप आखडत गेली.

"आपली ती सगळी गाणी गेली कुठं?" आक्का विचारायच्या.

"तुम्हालाच आवडेनाशी झाली असतील, आक्का."

शेवटचं गाणं गेलं त्यानंतरच्या सोमवारी खोलीत फक्त कात्रीचा आवाज होता. आक्का खुर्चीत बसून भिंतीकडे तोंड करून होत्या. त्या म्हणाल्या, "ते तुझ्या बापाचं तरी म्हण. तिसरं कडवं."

काजवालीनं दोरा दातानं तोडला. "पाठ नाही आता," ती म्हणाली, आणि पुढचं काज हातात घेतलं.

त्या दिवशी मला या खणात टाकलं.

मित्रांनो, माझी धूळ झाडा, मला कोरड्या जागी ठेवा, एवढं मी कोणत्याही जुन्या वस्तूसारखं मागते. पण आणखी एक सांगते. कुणाच्या गाण्याला तारा देण्याआधी ते कुणाचं आहे, हे विचारा, असं मी म्हणणार होते. पण आक्कांनी विचारलं होतं. विचारलं, उत्तर ऐकलं, आणि मगच तारा द्यायला लावला.