सज्जाखालच्या चार जणी

"हा सिंह आहे?" भिंगातून डोळा न काढता कप्तानांनी विचारलं.

"हो."

"भिजलेलं मांजर आहे हे. तेही आजारी."

आणि त्यांनी तो सिंह टेबलाच्या कडेवर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबला. काडेपेटीतली काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. सोमवारपासूनचा हा सातवा सिंह. तिने तळहाताच्या कडेने तुकडे गोळा केले, नासपतीच्या लाकडाचा नवा ठोकळा घेतला आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसली. सिंह खरंच मांजरासारखा झाला होता, हे तिलाही दिसत होतं.

कप्तान म्हणजे तिचे यजमान. बंदराच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आयुष्यात समुद्रावर गेले ते एकदाच, कचेरीच्या सहलीत, आणि तेव्हा जाताना आणि येताना ओकले. पण निवृत्त झाल्यावर घरातली पुढची खोली अडवून त्यांनी जुन्या काळच्या तीन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाची प्रतिकृती बांधायला घेतली, तेव्हा गल्लीने त्यांना कप्तान करून टाकलं. ओघानेच ती कप्तानीण झाली. जहाज अकरा वर्षं चाललं. सांगाडा झाला, फळ्या बसल्या, शिडं लागली, दोऱ्याच्या बारीक शिड्या चढल्या. राहिलं होतं कोरीवकाम. नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, छातीवर हात ठेवलेली लाकडी बाई कप्तानांनी पुरी केली आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी दाढी करताना ते न्हाणीघरात कोसळले.

उजवी बाजू गेली. जीभ महिना-दीड महिन्यात परत आली. "नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. ते नेमकं कोणाला म्हणाले, हे तिला कधी नीट उमगलं नाही.

घरी आल्यावर कप्तानांनी पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे जहाजासमोर खुर्ची. संग्रहालयाने जहाज बघायला माणूस पाठवायचं कबूल केलं होतं, आणि जहाजाची पाठ अजून कोरी होती. जहाजाच्या नकाशात त्या पाठीवर दोन सिंह होते, वेलबुट्टी होती, आणि मागच्या सज्जाखाली, सज्जा डोक्यावर तोलून उभ्या असलेल्या सव्वा-सव्वा इंचाच्या चार बायका होत्या.

"तू करायचंस," ते म्हणाले.

"मला कुठं येतंय?"

"येत नाहीच. शिकवतो. बावीस वर्षं काजं करत होतीस ना त्या कपड्यांच्या कारखान्यात? बोटं तरी कामाची असतील. डोकं मी वापरीन."

तर असं ते सुरू झालं. स्वयंपाक, त्यांची आंघोळ, पाठीला तेल, औषधं, आणि दुपारी दोन ते पाच कोरीवकाम. कप्तानांच्या पटाश्या तिच्या हाताला मोठ्या पडत. मग तिने शिवणयंत्राच्या जुन्या सुया दगडावर घासल्या, त्यांना धार आणली आणि पेनच्या दांड्यांत बसवल्या. कप्तान हसले. "सुयांनी उशीचे अभ्रे शिवतात, बाई. जहाजं नाही." पण बाविसावा सिंह त्यांनी मोडला नाही. भिंगाखाली उलटापालटा केला, बशीत ठेवला आणि म्हणाले, "चहा टाक." त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. त्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळीच.

वर्ष गेलं. दुसरं लागलं. सिंह झाले, वेलबुट्टी झाली. किती तुकडे अंगठ्याखाली गेले ते तिने मोजायचं सोडून दिलं होतं. आणि एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, सांगायला होतं तरी कोण! दुपारचे दोन वाजायची ती वाट बघू लागली होती. लाकडाचा भुगा फुंकरीने उडवला की खालून गाल निघायचा, नाकपुडी निघायची. त्या वेळी कप्तान काय बोलतायत ते तिच्या कानांवरून नुसतं वाहून जाई.

शेवटी उरल्या चार बायका. त्यांना चेहरे कुठले द्यायचे? नकाशात चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकृती गोल होता. तिने विचारलं नाही. कारखान्यात तिच्या बाकावर चौघीजणी बसायच्या, त्या तिने घेतल्या. एक डोळ्यांनी जरा तिरळी होती, पण तिच्याइतकं सरळ काज कोणाचं येत नसे. एक सारखी हसायची आणि मुकादम ओरडला की तोंडात पदराचा बोळा कोंबायची. तिसरी सातव्या महिन्यापर्यंत कामावर येत राहिली आणि मग आलीच नाही. चौथी सगळ्यांत थोरली, तिला सगळ्या अक्का म्हणायच्या. अक्काच्या मानेवर आयुष्यभर खाली वाकून बसल्याचा एक उंचवटा होता. तो उंचवटासुद्धा तिने काढला, तांदळाच्या कणीएवढा.

कप्तानांनी चौघींना भिंगाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग बशीत ठेवलं.

संग्रहालयाच्या बाई मार्चमध्ये आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, स्वतःचं भिंग पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या. पहिला अर्धा तास त्या भिंग लावून फळ्या आणि दोऱ्या बघत होत्या. कप्तान खुर्चीत ताठ बसले होते. उजवा हात तिने त्यांच्या मांडीवर उशीवर नीट ठेवून दिला होता; आजारपण संग्रहालयाला कळवलेलं होतं, तरी बाहेरच्या माणसाच्या पटकन नजरेत भरू नये असा.

"फळ्यांचं काम फार नेटकं आहे," बाई म्हणाल्या. "दोऱ्याही. ही नाळेवरची बाई मात्र... सुरुवातीची आहे का?"

"का?"

"नाही, डोळे जरा जवळजवळ आलेत, मान जाड झालीय. होतं तसं, हात बसलेला नसतो." त्या वळून जहाजाच्या पाठीशी गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. "पण हे! अहो, हे काय केलंय तुम्ही! या चौघी श्वास घेतायत. हिची मान बघा. हे कोणी शिकवून येत नाही. आजारपणाच्या आधीचंच ना सगळं?"

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कपांचा आवाज होऊ नये म्हणून तिने ट्रे पोटाशी धरला.

"आधीचंच," कप्तान म्हणाले. "दुसरं कोण करणार?"

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

बाईंनी पाठीचे नऊ फोटो काढले. समितीला दाखवते म्हणाल्या आणि महिन्याभरात गाडी पाठवायचा शब्द देऊन गेल्या.

दार लागलं. कप्तान कितीतरी वेळ नाळेकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या चौघी काढ."

तिला वाटलं, आपण ऐकताना चुकलो. "कुठून काढू?"

"जहाजावरून. दोन हात दिसतात. ऐकलंस ना ती काय म्हणाली ते? पुढे एक, मागे एक. जहाजाला एकच हात असावा लागतो."

"मग... पुढची बाई मी नवीन करते. चार दिवसांत—"

"पुढची माझी आहे." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "पुढची राहणार. मागच्या तू नव्या करायच्या, पुढचीसारख्या. तसेच डोळे, तशीच मान. कळलं?"

"अहो, पण तशा म्हणजे..."

"म्हणजे काय? बोल की! वाईट?"

तिने चहाचे कप ट्रेमध्ये गोळा केले.

चिकटवलेला सरस सुटायला दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस धरायचा, थांबायचं, सुईने उचकायचं, पुन्हा धरायचं. चारही जणी अख्ख्या निघाल्या. तिने त्या बशीत ठेवून कप्तानांसमोर नेल्या, कारण पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिला वाटलं होतं की एका डबीत घालून ठेव म्हणतील.

त्यांनी हसरी उचलली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली.

"एक तरी राहू द्या," ती म्हणाली. छत्तीस वर्षांच्या संसारात काही मागायची तिला सवय राहिली नव्हती. "अक्का तेवढी. ही, मानेवर उंचवटा आहे ती."

"अक्का?" कप्तानांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी समजलं असावं. "अच्छा. म्हणजे माझ्या जहाजावर तू तुझ्या काजवाल्या बसवल्यास."

मग त्यांनी अक्कालाच आधी घेतलं. डावा हात आता तसा सरावाचा झाला होता. चौघींना मिळून मिनिटभरही लागलं नाही.

त्यानंतरच्या दुपारी तिने नाळेवरच्या बाईसमोर बसून काढल्या. इतक्या वर्षांत तिने ती बाई जवळून कधी पाहिलीच नव्हती. त्या कामाकडे बघायचं ते हातभर अंतरावरून आणि आदराने. आता भिंग लावलं आणि सगळं दिसलं. डोळे जवळ आलेले होतेच. ओठ म्हणजे नुसती चीर. छातीवरच्या हाताला बोटं पाच, पण अंगठा चुकीच्या बाजूला. आणि डाव्या कानाशी पटाशी घसरून टवका उडाला होता, तो सरस आणि भुगा कालवून बुजवला होता, वर रंग चोपडला होता. एवढं बाकी सगळं जुळवणाऱ्या माणसाला चेहरा येत नव्हता. कधीच आला नव्हता. मोडलेल्या प्रत्येक सिंहाच्या वेळी त्यांना ते ठाऊक होतं.

हे कळल्यावर राग यायला हवा होता. आला तो थकवा.

तिने चार बायका कोरल्या. सोपं नव्हतं. हात चांगल्या वळणावर जाऊ बघे आणि त्याला ओढून आणावं लागे. पहिली दोनदा बिघडली, म्हणजे चांगली झाली. मग जमत गेलं. जवळ आलेले डोळे, जाड माना, चिरेसारखे ओठ. आणि चौघींच्याही डाव्या कानाशी तिने पटाशी घसरवली, टवका उडवला, सरस आणि भुगा कालवून तो बुजवला, वर रंग चोपडला.

कप्तानांनी पहिली भिंगाखाली धरली. मग दुसरी. दुसरीच्या कानापाशी भिंग थांबलं. तिसरी त्यांनी आधी कानच बघण्यासाठी फिरवली. चौथी हातात घेतली तेव्हा अंगठा तिच्या पाठीवर टेकलेला होता. ती समोर उभी राहून वाट बघत होती. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, त्याचा वास दोघांनाही आला, कोणी हललं नाही.

त्यांनी चौथी बशीत ठेवली.

"आता जमलं," ते खाली बघत म्हणाले. "आता कुठे हात बसला तुझा."

एप्रिलच्या शेवटी संग्रहालयाच्या बाई दोन हमाल आणि लाकडी खोका घेऊन आल्या. आल्या त्याच हसत. "मुख्य दालन मिळालं!" त्या दारातूनच म्हणाल्या. "समितीत कोणाचा विचार नव्हता, पण मागच्या बाजूचे फोटो दाखवले आणि सगळे गप्प. पाठ लोकांकडे करून ठेवणार आहोत, त्या चौघी दिसाव्यात म्हणून." बोलता बोलता त्या जहाजाला वळसा घालून मागे गेल्या आणि सज्जाखाली वाकल्या.

"हे... या त्या नाहीत."

"सुधारल्या," कप्तान म्हणाले. "सगळं एका हातचं दिसायला हवं."

"जुन्या आहेत ना?"

कप्तानांची नजर टेबलाच्या कडेकडे गेली. बाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन त्यांना दोनदा ओढावी लागली. "शब्द दिलाय म्हणून जहाज नेते. पण मुख्य दालनाचं आता होणार नाही. वरच्या मजल्यावर जिन्यापाशी जागा आहे. तिथं बघू."

"थांबा." कप्तान खुर्चीत पुढे सरकले, उशी घसरली आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबला. तो आवरायचं त्यांना सुचलं नाही. "पंधरा दिवस द्या. परत होतील तशाच. अगं, सांग ना त्यांना! तू करशील ना? होत्या तशा, तुझ्या त्या अक्का-बिक्का, सगळ्या कर. मी काही म्हणणार नाही. मोडणार नाही."

बाईंनी आधी कप्तानांकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून तिच्याकडे, तिच्या बोटांच्या टोकांवरच्या बारीक पांढऱ्या व्रणांकडे पाहिलं. त्यांचं तोंड काही विचारायला उघडलं होतं.

ती पुढे झाली. खाली लोंबणारा हात उचलून तिने कप्तानांच्या मांडीवर ठेवला, खाली उशी दिली, बाही नीट केली.

"आता तशा नाही व्हायच्या," ती म्हणाली. "हात बसलाय."

हमालांनी खोका उचलला. दार अरुंद होतं, खोका आडवा करून न्यावा लागणार होता. तिने एक झडप भिंतीला टेकवली, तिला पाठ लावून उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "जपून, पायरी आहे पुढे."