बारा किलोचा क्लच

आमच्या घरात कुकर आला तो फाइलमधून. फ्रीज आला तोही फाइलमधून. आमच्या लेकीला, प्रतिमेला, सांगून आलेल्या स्थळांचीसुद्धा एक फाइल होती. ती तिनेच एक दिवस फाडून टाकली, ते बरं झालं. ह्यांचे आजोबा बडोद्याच्या हुजूर कचेरीत टिपणं लिहीत, वडील कलेक्टर कचेरीत लिहीत आणि हे स्वतः, म्हणजे गुणवंतराव, पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं लिहून निवृत्त झाले. नोकरीत असल्यापासूनच घरीही हात थांबायला नको म्हणून घराची टिपणं. विषय, पर्याय, शिफारस आणि शेवटी उजवीकडे एक रकाना, अभिप्रायाचा. तिथे मी सही करायची. एकेचाळीस वर्षं मी न वाचता ‘पाहिले’ असं लिहून सही करत आले. फोडणी जळत असताना तीन पानं कोण वाचत बसणार?

जिप्सीच्या इंजिनाची फाइल पुढे आली तेव्हाही मी तेच केलं.

जिप्सी, म्हणजे आमची जीपगाडी, आमच्याकडे पंचवीस वर्षं होती. तिच्यावाचून माझं पान हलत नव्हतं, कारण डभोईच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत, माझी जमीन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे बासष्ट आंब्याची कलमं लावली. वाट काळ्या मातीची, मधे एक कोतर, म्हणजे पाण्याने खणलेली खोल घळ. साधी गाडी तिथे चिखलात पोटापर्यंत रुतते. एकदा प्रतिमेच्या नवऱ्याची रुतली, तो अजून त्याबद्दल बोलत नाही. दर शनिवारी सकाळी आम्ही जिप्सीने जायचो. हे चालवायचे, मी शेजारी बसून डबा सांभाळायची.

मार्चमधल्या एका शनिवारी परत येताना रेडिएटरची नळी फुटली. पाणी सगळं गेलं, इंजिन तापलं आणि हे चालवतच राहिले. बोनेटमधून धूर आला तेव्हा कुठे थांबले. तोवर इंजिन जाम झालं होतं. समोर तापमानाचा काटा असतो, तो पार लाल भागात गेलेला असणार. तो कसा दिसला नाही, असं मी रस्त्यावरच विचारलं. हे म्हणाले, काटा बिघडलाय. मी तोंडाचा पट्टा सोडला, आणि हे एक शब्दही न बोलता धुळीत उभे राहिले. ते गप्प राहणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्यानंतर जमीन सुटायची वेळ आली. शेजारच्या शेतकऱ्याने दोनदा विचारलं, बेन, काढायची आहे का? प्रतिमा फोनवर म्हणाली, विकून टाक आई, या वयात कशाला धावपळ? मी तिला म्हटलं की तुझं वय झालं की तू विक. पण रिक्षा डांबरी रस्त्यावर सोडायची आणि पुढे चार किलोमीटर मी माझ्या दुखऱ्या डाव्या गुडघ्यावर चालायचं, हे दोनदा करून पाहिलं आणि तिसऱ्यांदा घरी बसले. जिप्सी उभी राहिली नाही तर कलमं गेली, इतका साधा हिशेब होता. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी घासायला घ्यायची.

प्रतापनगरला मुकुंदचं गॅरेज आहे. त्याने सांगितलं की जुनं इंजिन दुरुस्त करण्यात अर्थ नाही, दुसरं बसवावं. पण नुसतं इंजिन आणून चालत नाही. ते आपल्या गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट, टेकवायचे ब्रॅकेट, नळ्या, वायरिंग असं सगळं किट घ्यावं लागतं. किटं तीन होती. एक मोठ्या जीपच्या डिझेल इंजिनाचं, दुसरं कारच्या लहान डिझेलचं आणि तिसरं साध्या पेट्रोल इंजिनाचं. ह्यांचा जीव आयुष्यभर डिझेलमध्ये. डिझेलचा आवाज ऐकला की रस्त्यात थांबायचे. तेव्हा पहिलं किट येणार हे मी गृहीतच धरलं होतं, आणि मला तेच हवंही होतं. चिखलातून ओढून काढणारं काहीतरी जोरदार पाहिजे.

मग सुरू झाली मोजमापं. दोन महिने घरभर कागद. त्याच सुमारास एका दुपारी ह्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणून भिंतीला उभा टेकवला, त्याच्यासमोर खुर्ची मांडली आणि मला बसवून म्हणाले, डाव्या पायाने दाब. मी विचारलं कशासाठी. काटा बरोबर चालतो का ते बघायचंय म्हणाले. मी दाबला. आणखी दाब म्हणाले. मी आणखी दाबला आणि गुडघ्यातून कळ आली तशी काटा लाथेने उडवला. दोन्ही वेळा काय आकडा आला तो मलाच वाचायला लावला आणि फाइलमध्ये लिहून घेतला. म्हाताऱ्याला वेड लागलं असं मी प्रतिमेला कळवून टाकलं.

जूनच्या सुरुवातीला फाइल माझ्यापुढे आली. मी लसूण सोलत होते. ‘पाहिले’, सही.

आठवड्याने मुकुंदचा फोन आला. हे बाहेर गेले होते. तो म्हणाला, काकू, काकांना सांगा, पेट्रोलचं किट सांगून ठेवलंय.

पेट्रोलचं! माझं डोकंच फिरलं. रिक्षा केली आणि तडक प्रतापनगर गाठलं. मुकुंदला म्हटलं की बाजारात फिरवायला हवंय का ते खेळणं, कोतरातला चिखल तू पाहिलेला नाहीस. त्याने आधी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि समजावलं की गाडीची चारही चाकं ओढतात, पेट्रोल इंजिन हलकं आहे, तेवढ्या चिखलाला पुरून उरेल. मी विचारलं, मग डिझेल का नको? त्यावर तो गाडीखाली काहीतरी शोधायला लागला.

“काकू, मी तर काकांना डिझेलच सांगत होतो,” तो शेवटी म्हणाला. “पण ते वजनकाटा घेऊन आले ने. ती तिन्ही इंजिनं बसवलेल्या गाड्यांचे क्लच दाबून मोजायला लावले मला. सगळं लिहिलंय फाइलमध्ये. खाली तुमची सही पण आहे ने.”

घरी आले तेव्हा हे ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसले होते. मांडीवर घडी न मोडलेला पेपर. गेले काही महिने पेपर मीच मोठ्याने वाचायची; मला वाटायचं, म्हातारपणी लाड करून घेताहेत. मी सरळ आत गेले, कपाटातून फाइल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ह्यांचं अक्षर पूर्वी छापल्यासारखं असायचं. इथे ओळी खाली घसरल्या होत्या, दोन ठिकाणी एकीवर दुसरी चढली होती.

‘विषय: वाहनास नवीन इंजिन बसविणेबाबत. पार्श्वभूमी: दिनांक अठरा मार्च रोजी इंजिन जळाले. काटा बिघडलेला नव्हता. अर्जदारास तो दिसला नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार असून मधला भाग पुसट दिसतो. डॉक्टरांच्या मते तो वाढत जाणार, उलटणार नाही. सबब यापुढे वाहन सौ. चारुलता यांनी चालवावे. त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण गेल्या वर्षीच करून घेतले आहे. अर्जदाराने स्वतःचे केलेले नाही.’

मी खुर्चीवर बसले.

‘चालकाचा डावा पाय: बारा किलोपर्यंत सहज दाबतो. अठराला तोंड वाकडे होते. क्लचचा भार: पर्याय एक, वीस किलो. पर्याय दोन, सोळा. पर्याय तीन, बारा. पर्याय तीन घ्यावा. जोडीला पॉवर स्टिअरिंग बसवावे. जमीन विकू नये.’

शेजारी माझ्याच अक्षरात, ठसठशीत: पाहिले.

मला इतका राग आला की कोणाचा ते कळेना. ह्यांचा आला, कारण वर्षभर मला ताकास तूर लागू दिली नाही. आणि माझा आला, कारण त्या दिवशी भर रस्त्यात मी काय काय बोलले होते ते शब्द न शब्द आठवत होतं. फाइल घेऊन ओट्यावर गेले.

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं की,” हे म्हणाले. “तीन जूनला.”

“तोंडाने, अहो. तोंडाने सांगायचं होतंत.”

हे झोपाळ्याच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “चारू, तोंडाने सांगायला बसलो होतो दोनदा. दोन्ही वेळा तू पेपर वाचून दाखवायला लागलीस, आणि मला वाटलं, आज नको.”

मी त्यांच्या शेजारी बसले. माणसाने डिझेलवर पाणी सोडलं, स्टिअरिंगवर पाणी सोडलं, आणि माझ्या गुडघ्याचं वजन करून ठेवलं. मग खिशातलं त्यांचं पेन काढून घेतलं आणि ‘पाहिले’ खोडून त्याखाली लिहिलं. ह्यांना वाचता येणार नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं: “मंजूर. मात्र अर्जदाराने दर शनिवारी बाजूच्या सीटवर बसलेच पाहिजे. हँडब्रेकला हात लावायचा नाही.”

“ही अट जाचक आहे,” हे म्हणाले.

“सही करा.”

“कुठे?”

मी त्यांचं बोट धरून रकान्यावर ठेवलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही निघालो. चाळीस वर्षांपूर्वी ह्यांनीच मला पोलो ग्राउंडवर गाडी शिकवली होती, आणि नंतर कधी फारशी हातात दिली नव्हती. मुकुंदने आठ दिवस माझी उजळणी करून घेतली. डभोईपर्यंत दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा माझ्यामुळे. डांबरी रस्ता सोडला, कोतराचा उतार आला आणि ह्यांचा हात हँडब्रेककडे गेला. मी नुसतं पाहिलं. हात मांडीवर परत आला आणि तिथल्या डब्याला घट्ट धरून बसला. चाकं चिखलात एकदा फिरली, सरकली, मग त्यांनी पकड घेतली. पलीकडे माझ्या कलमांचे शेंडे दिसायला लागले. सहा महिन्यांचं गवत माजलं होतं, पण कलमं उभी होती.

चढावर इंजिनाचा आवाज बदलला तसे हे कान देऊन ऐकायला लागले.

“काटा कुठे आहे गं?” त्यांनी विचारलं.

“निम्म्याच्या खाली,” मी म्हटलं, आणि दुसरा गिअर टाकला.